नंदीबैल (तान्हा पोळा)

हा लेख तान्ह्या पोळ्यातील लाकडी बैलाविषयी आहे. दारोदार फिरविल्या जाणाऱ्या सजविलेल्या जिवंत बैलाविषयीच्या माहितीसाठी नंदीवाले हा लेख पाहावा.

नंदीबैल, लाकडी बैल किंवा नुसता नंदी ही विदर्भातील तान्हा पोळा या सणासाठी घडविली जाणारी, चाकांवर बसविलेली बैलाची लाकडी लघुप्रतिकृती आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, लहान मुले ही प्रतिकृती दोरीने ओढत गावातील किंवा वस्तीतील ठरलेल्या जागी आणतात. तेथे उत्तम सजावटीसाठी स्पर्धा होते. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत ही प्रथा आढळते. भंडारा जिल्ह्यात शहरांप्रमाणेच खेड्यांतही तान्हा पोळा भरतो. मुलांचे खेळणे आणि पूजेची वस्तू अशी दोन्ही रूपे नंदीला आहेत. त्याची घडण आणि साज यांची पारख मात्र खऱ्या बैलाला लावल्या जाणाऱ्या कसोट्यांनीच केली जाते.

नाव

तान्हा म्हणजे अंगावर पिणारे लहान मूल. त्यावरून तान्हा पोळा म्हणजे लहानांचा पोळा, असा अर्थ होतो. लाकडी बैलाला नंदी हे नाव शंकराच्या वाहनावरून मिळाले आहे. शिवमंदिरातील नंदी बहुधा बसलेला असतो, तर तान्ह्या पोळ्यातील नंदी चारही पायांवर उभा असतो. त्याची ठेवण मंदिरातील मूर्तीपेक्षा पोळ्याच्या तोरणाखाली उभ्या राहणाऱ्या शेतातील बैलाशी अधिक जुळते.

पार्श्वभूमी

पोळा हा बैलांविषयी कृतज्ञता व्यक्त करण्याचा सण असून विदर्भात तो श्रावण अमावस्येला, म्हणजेच पिठोरी अमावस्येला साजरा होतो. भंडारा जिल्हा हा वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाचा प्रदेश आहे. येथे चिखलणी आणि रोवणीची धांदल पोळ्यापर्यंत बहुतेक संपलेली असते. त्यामुळे पोळा हा बैलांच्या वर्षातील सर्वांत कष्टाच्या कामानंतरचा विसावा ठरतो. आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना हळद व तूप किंवा लोणी चोळले जाते. पोळ्याच्या दिवशी त्यांना आंघोळ घालून, शिंगे रंगवून, झूल पांघरून तोरणाखाली उभे केले जाते. त्या वेळी झडत्या म्हटल्या जातात आणि तोरण तुटल्यावर बैल घरोघरी ओवाळले जातात.

तान्ह्या पोळ्यात हाच क्रम लहान आकारात पुन्हा घडतो. ज्या घरात शेती किंवा बैलजोडी नाही, त्या घरातील मुलालाही या दिवशी स्वतःचा बैल घेऊन तोरणाखाली उभे राहता येते.

इतिहास

चाकांवरील प्राण्यांच्या प्रतिकृती भारतीय उपखंडात फार जुन्या काळापासून आढळतात. हडप्पा संस्कृतीच्या स्थळांवर भाजक्या मातीचे बैल आणि खेळण्यातील गाड्या मिळाल्या आहेत. महाराष्ट्रात अहिल्यानगर जिल्ह्यातील प्रवरा नदीकाठच्या दायमाबाद येथे १९७४ मध्ये चार कांस्य प्रतिकृती सापडल्या. त्यांत गेंडा, हत्ती, रेडा आणि दोन बैल जुंपलेला रथ यांचा समावेश आहे. रथ सुमारे ४५ सेंटिमीटर लांब असून त्यावर उभा असलेला सारथी सुमारे १६ सेंटिमीटर उंच आहे. या कांस्यवस्तू आणि तान्हा पोळा यांच्यात परंपरेचा थेट दुवा नाही. तथापि बैल, वाहन आणि हाकणारा यांना लहान आकारात घडविण्याची कला या प्रदेशात किती जुनी आहे, हे त्यांवरून दिसते.

तान्ह्या पोळ्याचा आरंभ नागपूरचे दुसरे रघुजीराजे भोसले (कारकीर्द १७८८ ते १८१६) यांनी १८०६ मध्ये केला, असे परंपरेने सांगितले जाते. मुलांनाही बैलाचे महत्त्व कळावे, हा त्यामागचा हेतू होता, असे मानले जाते. नागपूरच्या भोसले घराण्यातील भव्य लाकडी बैलाची मिरवणूक आजही तान्ह्या पोळ्याला निघते. भंडारा त्या काळी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होते. वर्धा जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) येथील तान्हा पोळा मोठ्या आकाराच्या नंदींसाठी प्रसिद्ध आहे.

आकार आणि प्रमाण

तळहातावर मावणाऱ्या नंदीपासून माणसाच्या उंचीहून मोठ्या नंदीपर्यंत सर्व आकार आढळतात. मुलांच्या हाती असणारा नंदी साधारणपणे वीतभर ते दोन हात उंचीचा असतो. औद्योगिक पद्धतीने बनणाऱ्या प्रतिकृतींचे प्रमाण अंकांत ठरलेले असते. उदाहरणार्थ, शर्यतीच्या मोटारींचे जुळणी-संच १:२४, १:२० किंवा १:१२ या प्रमाणांत मिळतात. नंदीच्या बाबतीत असा अंक ठरलेला नसतो. कारागीर हाती आलेल्या लाकडाच्या ठोकळ्यावरून उंची ठरवतो आणि बाकीचे अवयव त्या उंचीच्या हिशेबात बसवतो.

हा हिशेब चुकला की प्रतिकृती ओळखू येत असूनही बैलासारखी वाटत नाही. खांद्यापाशी १२० सेंटिमीटर उंच असलेल्या बैलाची २० सेंटिमीटर उंच प्रतिकृती केली, तर प्रमाण १:६ होते. मग ६ सेंटिमीटरचे घुंगरू १ सेंटिमीटरचे व्हावे लागते आणि २ सेंटिमीटर जाडीचा कासरा साधारण ३ मिलिमीटरचा. प्रत्यक्षात बाजारात मिळणारी घुंगरे आणि दोऱ्या याहून जाड असतात. त्यामुळे चांगल्या घडणीचा नंदीही अवजड साजाखाली झाकून जाऊ शकतो.

बैलाचा वाण मुख्यतः वशिंड, शिंगे आणि चेहरा यांवरून कळतो. विदर्भातील गवळाऊ हा पांढरा बैल लांबट, अरुंद चेहऱ्याचा आणि आखूड शिंगांचा असतो, तर पश्चिम महाराष्ट्रातील खिलार बैलाची शिंगे लांब आणि मागे झुकलेली असतात. पूर्व विदर्भातील कठाणी हा वाण धानाच्या चिखलात काम करण्यासाठी ओळखला जातो. लाकडी नंदीची शिंगे सामान्यतः प्रमाणापेक्षा मोठी ठेवली जातात, कारण ती दुरून उठून दिसतात आणि शेंब्या, गोंडे व बेगड लावण्यास जागा देतात. हा प्रमाणातील दोष नसून प्रथेने मान्य केलेली अतिशयोक्ती आहे.

लाकूड आणि घडण

नंदी घडविणारे कारागीर प्रामुख्याने सुतार असतात. विदर्भात त्यांना वाढई असेही म्हणतात. भंडारा जिल्ह्याच्या जंगलांत साग विपुल आहे. सागवान टिकाऊ असते आणि त्याला वाळवी सहजासहजी लागत नाही, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ठेवायच्या नंदीसाठी ते पसंत केले जाते. शिवणीचे लाकूड हलके असून वाळल्यावर फारसे वाकत नाही, त्यामुळे बारीक कोरीव कामासाठी ते सोयीचे ठरते. स्वस्त नंदीसाठी आंब्याचे किंवा इतर हलके लाकूड वापरले जाते, मात्र त्याला घुण लवकर लागतो.

लाकूड तंतूंच्या दिशेने बळकट आणि आडव्या दिशेने कमकुवत असते. नंदीची सारी रचना या एका गुणधर्मावर अवलंबून आहे. धडाचा ठोकळा तंतू लांबीच्या दिशेने येतील असा कापतात. त्याच ठोकळ्यातून पाय कोरले, तर पायांतील तंतू आडवे येतात आणि पहिल्याच धक्क्याला पाय मोडतो. म्हणून मध्यम व मोठ्या नंदीचे पाय उभ्या तंतूंच्या वेगळ्या तुकड्यांतून घडवून धडात कूस आणि साल पद्धतीने बसवतात. शिंगे आणि कानही वेगळे घडवून लाकडी खुंटीने जोडतात. शिंगासाठी नैसर्गिक वळण असलेली फांदी निवडली, तर तंतू वळणाबरोबर जातात आणि टोक तुटत नाही.

घडणीचा क्रम साधारणपणे पुढीलप्रमाणे असतो. ठोकळ्याच्या बाजूवर बैलाची बाह्यरेषा काढून करवतीने नको असलेला भाग काढला जातो. वाकसाने तासून पोट, पाठ आणि वशिंड यांचा गोलावा आणतात. पटाशीने डोळे, नाकपुड्या, तोंडाची रेषा आणि गळ्याखाली लोंबणाऱ्या कातड्याच्या घड्या कोरतात. त्यानंतर कानस आणि पॉलिश कागदाने पृष्ठभाग गुळगुळीत करतात. सांध्यांतील फटी लाकडाचा भुसा आणि सरस यांच्या मिश्रणाने भरल्या जातात. लाकूड पुरते वाळलेले नसेल, तर या फटी पावसाळा संपताच पुन्हा उघडतात. सण पावसाळ्यात येत असल्याने ही अडचण नेहमीची आहे आणि जाणते कारागीर उन्हाळ्यातच लाकूड कापून सावलीत वाळवून ठेवतात.

चौकट आणि चाके

नंदी लाकडी पाटावर किंवा चौकटीवर उभा केला जातो आणि तिला चार चाके असतात. चाके फांदीच्या आडव्या चकतीपासून केली, तर ती वाळताना तडकतात. लाकूड वाळताना घेराच्या दिशेने अधिक आणि त्रिज्येच्या दिशेने कमी आकसते, त्यामुळे चकतीत काठापासून मध्यापर्यंत चीर पडते. म्हणून चाके फळीतून किंवा प्लायवूडमधून कापतात. आसासाठी लोखंडी सळई वापरली जाते. चाक सळईवर सैल फिरावे, पण डगमगू नये, यासाठी चाकाच्या दोन्ही बाजूंना चकत्या घालतात.

उंच आणि अरुंद नंदी वळणावर कलंडतो. त्याचे वजन वर एकवटलेले असते आणि शिंगे व झूल यांनी ते आणखी वर सरकते. हे टाळण्यासाठी चौकट नंदीच्या पोटापेक्षा रुंद ठेवतात आणि ओढायची दोरी चौकटीला, आसाच्या उंचीवर बांधतात. दोरी नंदीच्या गळ्याला किंवा वेसणीला बांधल्यास प्रत्येक ओढीबरोबर नंदी पुढे झुकतो. म्हणूनच खरी ओढदोरी खाली असते आणि वेसणीचा कासरा केवळ शोभेसाठी ठेवला जातो.

छकड्याची प्रतिकृती

काही वेळा नंदीची जोडी करून तिला लहान गाडी किंवा छकडा जोडला जातो. छकडा ही हलकी दोनचाकी गाडी असून विदर्भात शंकरपट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बैलांच्या शर्यतीशी ती निगडित आहे. भंडारा जिल्ह्यात धानाच्या कापणीनंतर हिवाळ्यात शंकरपट भरतात आणि छकडा हाकणाऱ्याला धुरकरी म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निकालाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींसह शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याची दुरुस्ती वैध ठरवली.

शर्यतीच्या छकड्याची प्रतिकृती करताना हलकेपणा दिसणे महत्त्वाचे असते. मालवाहू गाडीची भरभक्कम साटी आणि उंच बाजू येथे नसतात. जू, शिवळा, धुरा, आख आणि दोन चाके एवढेच भाग ठळक असतात. पारंपरिक गाडीचे चाक म्हणजे मधला तुंबा, त्यातून निघणारे आरे, त्यांना जोडणारे पुठ्ठे आणि बाहेरची लोखंडी धाव. खरी धाव तापवून चढवतात आणि ती गार होताना आकसून पुठ्ठे घट्ट आवळते. लहान चाकावर धावेऐवजी पत्र्याची पट्टी ठोकतात किंवा काळा रंग देतात. जू बैलांच्या खांद्यावर टेकले असता धुरा जमिनीला जवळजवळ समांतर राहिली पाहिजे. आखाची उंची बैलांच्या उंचीशी जुळली नाही, तर छकडा पुढे किंवा मागे कललेला दिसतो आणि प्रतिकृतीतील वेगाचा भास नाहीसा होतो.

रंगकाम

लाकडावर प्रथम अस्तराचा हात दिला जातो. तो वाळल्यावर घासून त्यावर तेलरंगाचे पातळ हात देतात. बहुतेक नंदी पांढरे असतात. डोळे, खूर, नाक आणि शेपटीचा गोंडा काळा, तर शिंगे लाल, हिरवी किंवा सोनेरी असतात. डोळ्याभोवती काळी किनार दिल्याने चेहऱ्यात जिवंतपणा येतो. साधा पांढरा रंग सपाट दिसतो, म्हणून कुशल रंगारी मान, खांदा आणि मांडी यांवर राखाडी छटा देतात. गवळाऊ बैलाच्या मानेवर व खांद्यावर अशी छटा प्रत्यक्षातही असते.

साज

लाकडी नंदीला खऱ्या बैलाचा संपूर्ण साज चढवला जातो. त्यात पुढील वस्तू येतात:

झूल: पाठीवरचे वस्त्र. ते मखमल, जरी, टिकल्या किंवा आरसे लावून शिवतात.
मठाठी: कपाळावरचा दोरीचा किंवा लोकरीचा अलंकार.
बाशिंग: शिंगांच्या मध्ये बांधला जाणारा कागदी किंवा बेगडी मुकुट.
घुंगरमाळ: गळ्यातील पितळी घुंगरांची माळ. तिच्याबरोबर कवड्यांची माळही घालतात.
शेंब्या: शिंगांच्या टोकांवर बसविलेल्या पितळी टोप्या.
वेसण आणि कासरा: नाकातील दोरी आणि हाकण्याची दोरी.

भंडारा हे पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेले शहर आहे. त्यामुळे घुंगरू, शेंब्या आणि ओवाळण्याचे ताट या सणातील पितळी वस्तूंना तेथे स्थानिक कारागिरीची पार्श्वभूमी आहे.

साजाच्या बाबतीत कापड ही सर्वांत अवघड गोष्ट असते. मोठ्या बैलावरची झूल स्वतःच्या वजनाने खाली लोंबते. १:६ प्रमाणात लांबी व रुंदी सहापट कमी झाली, तरी कापडाची जाडी तेवढीच राहते. परिणामी लहान झूल ताठ उभी राहते आणि पुठ्ठ्यासारखी दिसते. पातळ कापड निवडणे, काठ अरुंद ठेवणे आणि खालच्या कडेला बारीक मणी ओवून वजन देणे, हे त्यावरचे उपाय आहेत.

स्पर्धा आणि बोजारा

तान्ह्या पोळ्याचे आयोजन ग्रामपंचायत, स्थानिक मंडळे किंवा शाळा करतात. मुले आणि मुली नंदी घेऊन तोरणाखाली रांगेत उभी राहतात. स्पर्धा साधारणपणे दोन गटांत होते: उत्कृष्ट नंदी सजावट आणि मुलांची उत्कृष्ट वेशभूषा. अनेक मुले शेतकऱ्याचा वेश करतात. सजावटीत अलीकडे पर्यावरण, पाणी बचत यांसारख्या विषयांवरील देखावेही असतात. देखावा मोठा झाला की नंदी त्यात हरवतो. सजावट आणि घडण यांपैकी अधिक गुण कशाला द्यावेत, यावर निकाल फिरू शकतो, कारण सजावट एका रात्रीत होते, तर चांगली घडण अनेक दिवसांची असते.

स्पर्धेनंतर मुले नंदी घेऊन घरोघरी जातात. घरातील स्त्रिया नंदीला ओवाळतात आणि मुलांना पैसे किंवा खाऊ देतात. या भेटीला बोजारा म्हणतात. पोळ्याच्या दिवशी बैल घेऊन येणाऱ्यालाही बोजारा दिला जातो. मुलांना हाच शब्द आणि हाच मान मिळतो.

जतन

मातीचे बैल एका सणापुरते असतात. लाकडी नंदी मात्र वर्षभर जपून ठेवला जातो आणि मोठ्या भावंडाकडून धाकट्याकडे, पुढे पुढच्या पिढीकडे जातो. दरवर्षी नव्याने रंगवण्याच्या प्रथेमुळे त्याचे एक नुकसानही होते. रंगाचा प्रत्येक हात कोरीव रेषा थोड्या थोड्या बुजवतो. अनेक वर्षांनंतर नाकपुड्या, पापण्या आणि गळ्याच्या घड्या सपाट होतात. म्हणून जुना नंदी रंगवण्यापूर्वी आधीचे थर खरवडून काढणे हितावह असते. घुण लागू नये यासाठी नंदी कोरड्या, हवेशीर जागी ठेवतात. पाटाचा तळ आणि चाकांची भोके रंगविना राहिली, तर ओल तेथून शिरते.

सद्यस्थिती

ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर यांच्या प्रसारामुळे शेतीतील बैलांची गरज कमी झाली आहे. देशातील नर गोवंशाची संख्या २०१२ च्या पशुगणनेत सुमारे ६.७९ कोटी होती. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत ती सुमारे ४.७४ कोटी झाली. ही घट ३० टक्क्यांची आहे. ज्या गावात पोळ्याच्या तोरणाखाली येणाऱ्या जोड्या कमी होतात, तेथेही तान्हा पोळा मात्र भरू शकतो, कारण लाकडी बैलाला चारा किंवा गोठा लागत नाही.

या बदलाचा परिणाम प्रतिकृतीवरही होतो. लाकडी नंदीची पारख करणाऱ्या पिढीने खऱ्या बैलाची दावण पाहिलेली होती. वशिंड कोठे चढते, जू नेमके कोठे टेकते, वेसण कोणत्या बाजूने जाते, हे तिला शिकवावे लागत नव्हते. बाजारात प्लायवूडचे, फायबरचे आणि प्लास्टिकचे तयार नंदी मिळू लागल्याने साच्यातील एकच चेहरा सर्वत्र दिसतो. दुसरीकडे, ज्या मुलांच्या घरी बैल नाही त्यांना शेंबी, मठाठी, शिवळ आणि बोजारा हे शब्द वस्तूंसह माहीत होण्याचे तान्हा पोळा हे एक महत्त्वाचे निमित्त आहे. प्रारंभी बैलाची ओळख पटवण्यासाठी सुरू झाली असे मानली जाणारी ही प्रथा, बैल दुर्मीळ होत असताना त्याच कामासाठी पुन्हा उपयोगी ठरत आहे.

हे सुद्धा पहा

पोळा
मारबत
शंकरपट
बैलगाडी
दायमाबाद
भंडारा जिल्हा